तहानेच्या आधी पाणी

पोरांनो, तुमच्यातल्या काहींनी पुण्याहून गिअरच्या सायकली आणल्यात, काहींच्या घरी बहिणीला शाळेतून मिळालेली सायकल आहे, आणि एकदोघांनी आजोबांची जुनी काळी सायकल माळ्यावरून खाली काढली आहे. तिन्ही चालतील. आपल्या सोनारी गावाच्या चहूबाजूंच्या रस्त्यांवर सायकल कुठली हा प्रश्न दुय्यम आहे, तिच्यावर बसणाऱ्याला काय कळतं हा खरा. म्हणून माझ्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, मला जे शिकवलं ते तुमच्या कानावर घालून ठेवतो.

तात्या माढ्याच्या बाजूला उजनीच्या कालव्यावर पाटकरी होते. पाण्याचं आवर्तन सुटलं की दिवसरात्र कॅनॉलच्या भरावावरून सायकलवर फिरायचे. कुठल्या चारीचं दार उघडं राहिलं, कुणी रात्री पाणी फोडून घेतलं, भराव कुठं झिरपतोय, हे बघत जायचं हेच काम. सुट्टीला गावी यायचे तेही सायकलवरच. अंगानं किडकिडीत माणूस, पण दमलेला मी कधी बघितला नाही. त्यांचं सगळं शहाणपण एकाच गोष्टीत होतं: शरीरानं मागायच्या आधी त्याला द्यायचं. तहान लागायच्या आधी पाणी, भूक लागायच्या आधी घास, दमायच्या आधी विसावा, आणि ऊन चढायच्या आधी घर.

पुढं वाचनात आलं की फ्रान्समध्ये सेंत-एतियेन गावी पॉल द विवी नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. 1853 चा जन्म, 1930 साली वारला. 'व्हेलोसिओ' या टोपणनावानं तो लिहायचा आणि सायकलस्वारांसाठी मासिक चालवायचा. त्यानं लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांसाठी सात नियम सांगून ठेवलेत, आणि तिकडचे लोक आजही ते पाळतात. थांबे थोडे आणि छोटे घ्या, थोडं थोडं आणि वरचेवर खा, भुकेच्या आधी खा आणि तहानेच्या आधी प्या, इतकं दमू नका की जेवण जाणार नाही आणि झोप येणार नाही, थंडी वाजायच्या आधी अंगावर घाला, दारू-तंबाखूपासून लांब राहा, आणि दाखवण्यासाठी म्हणून कधी पायडल मारू नका. वाचताना मला तात्याच बोलताहेत असं वाटलं. दोन टोकांच्या दोन मुलखांत, एकमेकांचं नावही न ऐकलेल्या माणसांना सायकलनं तेच शिकवलं असेल, तर त्यात दम आहे असं समजा.

आता कॅनॉलचं बोलू, कारण सायकलसाठी त्याच्यासारखा रस्ता नाही. असं का, हे मी तात्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, पाण्याला चढ चढता येत नाही, म्हणून. कालवा धरणातून निघाला की त्याला कित्येक हजार फुटांत एखादा फूट एवढाच उतार देतात. तेवढ्यावरच पाणी मैलोन्‌मैल चालत राहतं. मग त्याच्या भरावावरचा रस्ताही तसाच सपाट राहतो. मध्ये टेकाड आलं तर कालवा त्याला वळसा घालतो, सरळ चढत नाही. त्यामुळं अंतर वाढतं पण छाती भरून येत नाही. वाहनं जवळजवळ नाहीत, हॉर्न नाही, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला ऊस, ज्वारी, नाहीतर हरभऱ्याचं रान. आपल्याकडं सीना-कोळेगावचे कालवे आहेत, पलीकडं सोलापूर जिल्ह्यात उजनीचे. उजनीचं धरण 1980 साली पूर्ण झालं. पुणे जिल्ह्यात नीरेचा डावा कालवा तर 1876-77 च्या मोठ्या दुष्काळानंतर खोदलेला, इंग्रजी अमदानीतला.

कालव्याच्या काठानं सायकल तिकडंही चालवतात. फ्रान्समध्ये कॅनाल द्यू मिदी नावाचा कालवा आहे, लांबी सुमारे 240 किलोमीटर. पिएर-पॉल रिके या माणसानं 1666 साली तो खोदायला घेतला आणि 1681 साली तो वाहतुकीला खुला झाला. रिके त्याच्या आदल्याच वर्षी गेला होता. तो कालवा शेतीच्या पाण्यासाठी नव्हे, होड्यांसाठी होता. काठावरून घोडे चालायचे आणि दोरानं होड्या ओढायचे. त्या घोड्यांच्या वाटेवरून आज जगभरचे लोक सायकली चालवतात. पुढं तिथं दुतर्फा चिनारांच्या जातीची झाडं लावली गेली, त्यांच्या सावलीतून लोक जातात. 1996 पासून तो जागतिक वारसा आहे. आपल्या कालव्याचा रस्ता मात्र पाटबंधारे खात्याच्या जीपसाठी केलेला. त्यामुळं आपल्याकडं सावली कमी, खड्डे जास्त, आणि ओढ्यापाशी, सायफनपाशी रस्ता एकदम तुटतो. हे आधीच माहीत असलं म्हणजे तिथं वैताग येत नाही. सायफन आला की उतरायचं, सायकल हातात धरून ओढा ओलांडायचा, पलीकडं परत बसायचं.

भराव खात्याचा आहे हे विसरू नका. जीप आली तर बाजूला उभं राहायचं. दारांना, चाकांना, कुलपांना हात लावायचा नाही. पाटकरी दिसला की थांबून रामराम घालायचा आणि पुढचा रस्ता कसा आहे ते विचारायचं. कुठं भगदाड पडलंय, कुठं मोहोळ बसलंय, कुठल्या वस्तीवरची कुत्री अंगावर येतात, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. कुत्रं धावून आलंच तर पळवायला जाऊ नका. खाली उतरा, सायकल मध्ये धरा आणि सावकाश चालत राहा. पळणाऱ्या चाकामागं ते धावतं, चालणाऱ्या माणसाचा नाद सोडतं.

एक गोष्ट मात्र मी तुम्हाला बजावून सांगतो. कितीही ऊन असो, वाहत्या कॅनॉलमध्ये उतरू नका. वरून पाणी संथ दिसतं, आत ओढ असते. सिमेंटचं अस्तर असेल तर बाजू शेवाळानं गुळगुळीत असतात आणि तिरप्या असतात. पट्टीचा पोहणाराही पाय रोवायला जागा न मिळाल्यानं बाहेर येऊ शकत नाही. तात्यांनी असे किती मृतदेह बाहेर काढायला मदत केली ते त्यांनी कधी मोजून सांगितलं नाही, पण त्या गोष्टी सांगताना ते जेवत नसत. तोंड धुवायचं तर वस्तीवरच्या हापशावर धुवा. प्यायचं पाणीही कॅनॉलचं नको. वरच्या गावांतून त्यात काय काय येतं आणि रानातल्या औषधांचं किती मिसळतं हे सांगता येत नाही.

कॅनॉलचा दुसरा शत्रू सराटा. पावसाळा सरला की भरावावर तो जमिनीसरशी पसरतो, पिवळी बारीक फुलं येतात, मग काटेरी बोंडं सुकून मातीत पडतात. कसंही पडलं तरी एक काटा वर राहतो. शिवाय दोन्ही काठांना वेडी बाभूळ. म्हणून पंक्चर काढता येत नसेल तर कॅनॉलवर जाऊच नका. हे शिकायला एक दुपार पुरते. चाक काढा, टायरचा एक काठ रिमच्या बाहेर काढा, त्यासाठी चमच्याची दांडी चालते. ट्यूब ओढून काढा, हवा भरा आणि गालाजवळ धरून फिरवा. पाण्याचं घमेलं नसलं तरी गालाला बारीकशी फुंकर लागते. जागा सापडली की काचकागदानं घासायची, ट्यूबची चमक जाऊन ती मळकट दिसेपर्यंत. मग सोल्युशन बोटानं पातळ पसरायचं आणि थांबायचं. इथंच सगळे घाई करतात. ओलं असताना पॅच लावला की चार किलोमीटरवर सुटतो. सोल्युशन बोटाला चिकटेनासं झालं की मगच पॅच दाबायचा. आणि ट्यूब परत घालायच्या आधी टायरच्या आतून सगळीकडं हळूच बोट फिरवायचं. काटा तिथंच रुतलेला असतो. तो काढला नाही तर तोच काटा तेच भोक परत पाडतो. बार्शीच्या एका जुन्या दुकानदारानं मला हे शिकवताना सोल्युशन वाळेपर्यंत विडी ओढायची नाही असं सांगितलं होतं. सोल्युशन पेट घेतं.

पिशवीत एवढं असावं: जादा ट्यूब, पॅच, सोल्युशन, काचकागद, छोटा पंप, तुमच्या चाकाच्या नटाला बसणारा पाना, जुना सुती कपडा आणि बोटभर लांबीची चपटी लाकडी काडी. काडी कशाला? काळ्या रानासाठी. अवकाळी पाऊस झाला किंवा भरावावरून पाणी झिरपलं की आपली काळी माती टायरला थर धरते, मडगार्डमध्ये गच्च बसते, आणि चाक फिरायचं थांबतं. जोर लावून रेटलं तर मडगार्डची पट्टी तुटते. उतरून काडीनं माती उकरायची आणि गवताच्या कडेनं चालत डांबरी गाठायची. भर पावसाळ्यात कॅनॉलचा नादच नको, डांबरीवरून फिरा.

सायकल बसायला बेताची हवी. आपल्याकडं दोन्ही पाय भुईला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवायची सवय आहे, त्यानं गुडघे दुखतात. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा, इतकी सीट वर घ्या. चालवताना चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्याला जेवढा वाक हवा तेवढा आपोआप राहतो. गिअर असतील तर हलका गिअर ठेवून पाय भरभर फिरू द्या. जड गिअरवर जोर काढणं हे पहिल्या दहा किलोमीटरला छान वाटतं, पुढं मांड्या भरून येतात.

पाण्याचं गणित सोपं आहे. निघायच्या आधी तांब्याभर प्यायचं, मग दर पंधरावीस मिनिटांनी दोन-चार घोट, तहान असो नसो. आपली हवा कोरडी, घाम अंगावरच वाळतो, त्यामुळं किती पाणी गेलं ते कळतच नाही. शर्टावर पांढरे डाग दिसले की मीठ चाललंय असं समजा. लांब जायचं असेल तर एका बाटलीत जलसंजीवनी करून घ्या: एक लिटर पाण्याला साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा. मीठ जास्त घालू नका, जिभेला अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. खायला आपल्या आयाबहिणी करतात त्याहून चांगलं कुठलं पाकीट दुकानात मिळत नाही. दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. धपाटे चालतात. गूळ-शेंगदाणे तर खिशातच ठेवायचे. पण पोटभर जेवून सायकलवर बसू नका. तासाला थोडं, असं खात जा. पौष-माघात रानातून जाताना कुणी हुरड्याला हाक मारली तर नाही म्हणू नका, मात्र खाऊन झाल्यावर अर्धा तास बांधावर बसा.

वाऱ्याकडं फार कमी लोक लक्ष देतात. आपल्या उघड्या मुलखात वारा म्हणजे न दिसणारा चढ आहे, आणि उंच भरावावर तर आडोसाच नाही. ज्येष्ठ-आषाढात तो पश्चिमेकडून सुटतो आणि दिवस वर येईल तसा वाढतो. त्या दिवसांत सकाळी पश्चिमेला निघायचं, म्हणजे दमलेल्या पायांना परतीच्या वाटेवर तो मागून लोटतो. हिवाळ्यात सकाळचा वारा बहुधा पूर्वेकडचा, तेव्हा पश्चिमेला जाताना सायकल आपोआप पळते आणि माणूस फसतो. आपण फार जोरात आहोत असं वाटतं, लांब जातो, आणि परत फिरल्यावर कळतं. जाताना अर्ध्याहून कमी ताकद खर्च करायची, एवढं हिवाळ्यात लक्षात ठेवा. चैत्र-वैशाखात मात्र वाऱ्यापेक्षा ऊन मोठं. पहाटे निघून नऊच्या आत घरात. डोकं दुखायला लागलं, अंगावर काटा आला, घाम थांबला, तर तिथंच सावली धरायची, डोक्यावर पाणी ओतायचं आणि फोन करून कुणाला तरी बोलवून घ्यायचं. जिद्द त्या वेळी कामाची नाही.

दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ सायकलला सगळ्यात चांगला, पण तोच उसाचा हंगाम. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर बाहेर आलेला ऊस, आणि टेप इतका मोठा की चालवणाऱ्याला तुमची घंटी काय, मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येत नाही. मागची ट्रॉली झुलते, खड्ड्यात गेली की हातभर बाजूला फेकली जाते. तिच्या डाव्या अंगानं कधीही पुढं जाऊ नका. चढावर ट्रॉलीची साखळी धरून फुकट ओढून घेणारी पोरं मी बघितली आहेत, त्यांना मी थांबवून उतरवलं आहे आणि पुढंही उतरवीन. ट्रॉली समोरून येत असेल तर रस्ता सोडून साइडपट्टीवर उभं राहा. त्यात कमीपणा नाही. अंधार पडायच्या आत गावात या. यायलाच उशीर झाला तर मागं लाल रिफ्लेक्टर, पुढं बत्ती आणि अंगात पांढरा शर्ट हवाच. संध्याकाळी भरावावर आणखी एक जपायचं. दिवसभर तापलेल्या मातीवर घोणस येऊन बसते, सुकलेल्या पानांत ती दिसत नाही. गवतात पाय टाकून लघवीला बसू नका.

गावातल्या पोरांना माकडांचं सांगायला नको, पण पाहुण्यांना सांगा. आपल्या गावच्या काळभैरवनाथाच्या देवळाजवळ हँडलला पिशवी लटकवून सायकल उभी केली की पिशवी गेलीच. प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज माकडं ओळखतात. दर्शनाला जाताना खाऊ बंद डब्यात, डबा पाठीवरच्या बॅगेत, आणि माकडाकडं बघून दात दाखवायचे नाहीत.

फेऱ्यांची सुरुवात परंड्यापासून करा. किल्ला बघा. नगर 1600 साली मोगलांकडं गेल्यावर निजामशाहीची राजधानी काही काळ इथं होती. विजापूरची ती प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ आधी याच किल्ल्यात होती, 1632 साली ती विजापूरला नेली. सुमारे 55 टनांचं ते धूड कसं ओढत नेलं असेल याचा विचार सायकलवरून करून बघा, म्हणजे हा मुलूख किती सपाट आहे ते पायांना कळेल. पाय तयार झाले की सीनाकाठी डोमगावला जा. समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांची समाधी तिथं आहे. नदीकाठी बसावं, दशमी खावी आणि परतावं. येरमाळ्याची येडेश्वरी त्याच्या पुढची पायरी, तिथं बालाघाटाचा चढ लागतो. आणि आषाढीच्या आधी कुर्डुवाडीवरून पंढरपूर. नाशिकचे सायकलवाले दरवर्षी इतक्या लांबून वारीला येतात. आपल्याला तर विठोबा किती जवळ.

पुढं कुणाला मोठं काही करावंसं वाटलं तर पुण्याला ब्रेव्हे होतात, म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल-फेऱ्या. ही पद्धत पॅरिसच्या एका क्लबची. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत, 600 चाळीस तासांत पुरे करायचे. त्याच्याही पुढं पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, 1200 किलोमीटरला नव्वद तास. ती पहिल्यांदा 1891 साली झाली. आता यात पहिला-दुसरा नंबर नसतो, वेळेत पोचलात की झालं. हिशेब केलात तर खाणंपिणं, पंक्चर, झोप सगळं धरून तासाला फार तर पंधरा किलोमीटर पडतं. एवढा वेग तुमच्यातल्या प्रत्येकाच्या पायात आज आहे. 2015 साली नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र या डॉक्टर महाजन बंधूंनी दोघांच्या जोडीनं अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सायकलवर पार केली, रेस अॅक्रॉस अमेरिका ही शर्यत पुरी केली. ते कामधंदा सांभाळूनच सायकल चालवत आले होते.

पोरींनाही बरोबर घ्या. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. बारावी झाली की त्या गोठ्यात गंजत पडतात. त्यांना तेलपाणी करा, चाकांचा आऊट काढून घ्या, आणि बहिणीला डोमगावपर्यंत न्या. रस्ता विचारताना मात्र 'किती लांब आहे' असं विचारू नका, आपल्याकडं सगळं 'हे काय, इथंच' असतं. 'पुढं पाणी कुठं मिळेल' असं विचारा. त्याचं उत्तर माणसं विचार करून देतात.

येत्या रविवारी निघणार असाल तर शनिवारी संध्याकाळीच दोन्ही चाकांत हवा भरून ठेवा, सकाळी नाही. बारीक पंक्चर असेल तर रात्रभरात चाक बसतं आणि ते घरीच, उजेडात, पाण्याच्या बादलीशेजारी काढता येतं.